मुलाला हसण्यापूर्वी

गेल्या पंधरवड्यात आमच्या कचेरीत एक गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलास घेऊन आले. गृहस्थ तालुक्याच्या गावी कारकुनी करणारे, सरळमार्गी व अब्रूला जपणारे. मुलगा अकरावीत शिकणारा. त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. वडिलांनी दरडावल्यावर तो त्याने सोडला, तेव्हा दिसले की, दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल झाले आहेत, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा मोजून घ्याव्यात, आणि कपाळभर पुटकुळ्या उठल्या आहेत. औषधाच्या दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेतलेले एक मलम हा मुलगा पाच महिने सकाळ-संध्याकाळ चेहऱ्याला चोळीत होता. पहिल्या महिन्यात रंग उजळला व मित्रांनी वाहवा केली. पुढे एक दिवस मलम लावले नाही तर तोंडाची आग होऊ लागली, आणि ते सोडवेनासे झाले. हे सर्व कशासाठी, तर वर्गातील एका मुलीची मर्जी संपादन करण्यासाठी! "याला काय म्हणावे, वकीलसाहेब?" असे म्हणून गृहस्थ हसले, परंतु त्या हसण्यात संतापच अधिक होता. दुकानदारावर फिर्याद करता येईल काय, हे विचारण्यास ते आले होते.

फिर्यादीचा मार्ग आहे, व तो आम्ही त्यांस सांगितला. त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइड मलमांना पूर्वी चिठ्ठीच्या बंधनातून सूट होती. ती केंद्र सरकारने २०१८ साली काढून घेतली, आणि तेव्हापासून ही मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकणे नियमाविरुद्ध आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. परंतु वकिलाची खोड अशी की, फिर्यादीचे म्हणणे ऐकून घेतल्यावर साक्षीदारास दोन प्रश्न विचारल्यावाचून त्यास चैन पडत नाही. आम्ही मुलाकडे वळलो.

"त्या मुलीने तुझ्या रंगावरून तुला कधी काही म्हटले होते काय?"

"नाही."

"तिच्याशी तुझे आजवर बोलणे किती झाले?"

"एकदा वही मागितली होती. परत देताना थँक्यू म्हटलं."

"मग तिला गोरा मुलगाच आवडेल, हे तुला कळले कोठून?"

मुलगा बराच वेळ खाली मान घालून बसला. मग वडिलांकडे न पाहता म्हणाला, "ताईचं लग्न जमत नव्हतं, तेव्हा घरात रोज तेच चालायचं. रंग उजळ असता तर केव्हाच जमलं असतं, म्हणायचे."

गृहस्थांचे हसू त्या ठिकाणी थांबले. पुढे दुकानदाराचा विषय त्यांनी स्वतः होऊन काढला नाही.

या साक्षीनंतर आमचे मत असे झाले आहे की, या खटल्यात मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करण्याजोगा नाही. त्याची चूक झाली, तीबद्दल शिक्षाही त्याने भोगली. परंतु ज्या न्यायाने तो वागला तो न्याय त्याने स्वतः निर्माण केलेला नाही. तो त्यास आम्ही घरात, बाजारात व वर्तमानपत्रात शिकविला. शिकविलेला धडा विद्यार्थ्याने चोख म्हणून दाखविला, तर शिक्षकाने त्याला हसावे हे कोणत्या न्यायात बसते?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोळाव्या वर्षी कोणास तरी आपण आवडावे असे वाटणे यात पाप नाही व हसण्यासारखेही काही नाही. शेंडी कापून केस राखणाऱ्या व मधोमध भांग पाडणाऱ्या विद्यार्थ्यांनी एके काळी महाराष्ट्रात घरोघर वाद पेटविले होते. धर्म बुडाला असे तेव्हाच्या वडिलांस वाटले. आज त्या वादाची कोणास आठवणही नाही. स्वच्छ सदरा घालणे, केस विंचरणे, आरशापुढे चार मिनिटे अधिक उभे राहणे हा तारुण्याचा सहज धर्म आहे. परंतु स्वतःस नीटनेटके ठेवणे निराळे, आणि स्वतःच्या कातडीची लाज वाटून ती औषधाने सोलून काढणे निराळे. पहिल्यात आत्मादर आहे. दुसऱ्यात त्याचा समूळ अभाव आहे.

आता हा प्रसंगच मुळी नवा आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांच्या ध्यानात येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या मुलाच्या पणजोबांस मिसरूड फुटण्यापूर्वी बहुधा बोहल्यावर चढविले गेले असेल, आणि त्यांच्या वधूचे वय आठ-नऊ वर्षांचे असेल. कोणास आवडण्याचा अथवा न आवडण्याचा प्रश्नच तेथे उपस्थित होत नव्हता. ती दुष्ट रूढी मोडण्यासाठी सुधारकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिव्याशाप खाल्ले. हरविलास सारडा यांच्या खटपटीने १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. त्यात मुलीचे वय किमान चौदा व मुलाचे अठरा ठरले. १९७८ साली ती मर्यादा अठरा व एकवीस अशी वाढविण्यात आली. यामुळे मुलांच्या आयुष्यात, शरीर मोठे होणे व विवाह होणे यांच्या दरम्यान, पूर्वी नव्हता असा आठ-दहा वर्षांचा काळ निर्माण झाला. सुधारणेने दिलेली ही फार मोठी देणगी आहे, व तिजबद्दल आम्हांस यत्किंचितही पश्चात्ताप नाही. परंतु या नव्या काळात मुलामुलींनी एकमेकांशी कसे वागावे, कसे बोलावे, आवड कशी व्यक्त करावी आणि नकार कसा पचवावा, हे शिकविण्याची जबाबदारी कोणी घेतली? आम्ही घर बांधले आणि त्यात दिवा लावण्यास विसरलो.

ज्यांनी दिवा लावू पाहिला त्यांची आम्ही काय संभावना केली, तेही आठवावे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि जे विषय लोक कुजबुजत बोलत, ते शास्त्राच्या भाषेत उघड मांडले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच तेथे गुन्हा ठरला होता! तरीही कर्व्यांनी ते मासिक १९५३ साली मरण येईपर्यंत चालविले. त्यानंतर अर्धशतक लोटले, तरी आमची वृत्ती फारशी पालटली नाही. २००७ साली किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊ लागला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो विरोधापुढे थांबविला. वर्गात मुलामुलींचे बाक निराळे, जिन्यात बोलताना दिसली तर चौकशी, घरी विषय काढला तर थप्पड. या मुलाने वर्षभरात त्या मुलीशी दोन वाक्ये उच्चारली, यात नवल ते कसले? ज्याला बोलण्याची वाट बंद, तो चेहऱ्याकडूनच बोलविणार.

शाळा व घर यांनी जी जागा रिकामी सोडली, ती बाजाराने भरली. गोरेपणाच्या नावावर खपणारे आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध मलम १९७५ साली निघाले. स्त्रियांचे गिऱ्हाईक पुरते बांधल्यावर २००५ साली खास पुरुषांकरिता तसले मलम बाजारात आले, आणि सिनेमातील नामांकित नट त्याची शिफारस करू लागले. काळ्या रंगाच्या माणसास हीन अथवा दुःखी दाखवू नये, असे जाहिरातदारांच्या परिषदेने २०१४ साली आपल्या सभासदांस बजावले. २०२० साली त्या जुन्या मलमाच्या नावातून 'गोरा' या अर्थाचा शब्द गेला, मलम राहिलेच. त्याच वर्षी केंद्र सरकारने १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध करून त्वचा गोरी करण्याच्या दाव्यांस त्यात गोवण्याचे योजिले; परंतु नुसत्या मसुद्याने कोणास शिक्षा होत नसते. एका ग्राहकाने ७९ रुपयांचे मलम विकत घेऊन २०१३ साली दिल्लीत तक्रार गुदरली; तिचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागून जिल्हा ग्राहक आयोगाने उत्पादकास साडेचौदा लाख रुपये भरण्याचा हुकूम केला. हुकूम योग्यच आहे. परंतु त्यास लागलेल्या अकरा वर्षांत किती मुले सोळा वर्षांची होऊन गेली, याचा हिशेब कोणी करावा?

यातून होणारी हानी केवळ गालांपुरती नाही. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, शिरा उघड्या पडतात, नको तेथे केस येतात, आणि औषध सोडताच रोग उलटतो. कित्येक बेनामी मलमांत तर पारा असतो, आणि तो कातडीतून रक्तात उतरतो. केरळातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या पंधरांपैकी तेरा जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले.

परंतु सर्व दोष बाजाराच्या माथी मारून घराची सुटका होत नाही. व्यापारी तेच विकतो, ज्याची मागणी त्यास आधी दिसते. रंगाचा हा मोह केवळ इंग्रजांनी आणला असे म्हणणेही खरे नाही. तो आमच्या सोयरिकींत पूर्वीपासून मुरलेला आहे. मात्र कातडीच्या रंगावरून आमच्या वाडवडिलांस साहेबाच्या क्लबाच्या दारातून व रेल्वेच्या डब्यातून हुसकून दिले जाई, तेव्हा तो अपमान साऱ्या राष्ट्राच्या जिव्हारी लागला होता. ज्यांनी त्या अपमानाविरुद्ध लढून १९४७ साली स्वराज्य मिळविले, त्यांच्याच नातवंडांनी आपल्या बहिणींस व मुलींस त्याच मापाने मोजावे? ज्या पंढरीच्या देवास महाराष्ट्र सावळा म्हणूनच कवटाळतो, त्याच महाराष्ट्रात सावळ्या मुलीचा बाप ओशाळलेला असावा? मुलींस ही ताजवा लावताना आम्हांस कधी काही वाटले नाही. आता ताजव्याच्या दुसऱ्या पारड्यात मुलगे चढले, तेव्हा आम्ही दचकलो.

या साऱ्या प्रकरणात जिचे नावही कोणी घेत नाही, तिच्याविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ती मुलगी कुस्तीच्या फडातील चांदीची गदा नव्हे, की ज्याने अधिक मेहनत केली त्यास ती मिळावी. मुलाने गाल भाजून घेतले म्हणून तिच्यावर कसलेही ऋण चढत नाही. तिला तो आवडेल अथवा आवडणार नाही. तो तिचा अधिकार आहे, व त्यावर अपील नाही. हे मुलास वेळीच सांगितले नाही, तर आज स्वतःचा चेहरा जाळणारा मुलगा उद्या नकार ऐकून दुसऱ्याचा चेहरा जाळण्यास निघतो. तसे गुन्हे आमच्या न्यायालयांनी पाहिले आहेत. म्हणूनच हा विषय आम्ही थट्टेचा मानीत नाही.

तेव्हा करावे काय? औषध निरीक्षकांनी तालुक्याच्या गावांतील दुकाने तपासावी, आणि चिठ्ठीवाचून स्टेरॉइड विकणाऱ्याचा परवाना खरोखर रद्द व्हावा. शाळांनी आठवीपासून मुलामुलींस एकत्र बसवून शरीराचे व संमतीचे शिक्षण द्यावे, आणि वादसभा, नाटक, सहली यांतून त्यांस एकमेकांशी साधे बोलण्याची सवय लावावी. आईबापांनी लग्नाच्या माहितीपत्रकातून 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा, आणि घरात कोणाच्याही रंगावरून बोलणे बंद करावे. मुले ऐकत असतात. राहिले आम्ही पत्रकार. 'गोरी वधू पाहिजे' हे शब्द आमच्याही पत्राच्या स्तंभांतून पैसे घेऊन छापले गेले आहेत, हे कबूल केल्यावाचून आम्हांस वरील उपदेश करण्याचा अधिकार पोचत नाही. या अंकापासून वधूवरांच्या जाहिरातींतील रंगाचा उल्लेख आम्ही छापणार नाही; ज्यांस तो आवश्यक वाटेल त्यांनी आपले पैसे परत न्यावे.

त्या मुलास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले आहे. चेहरा पूर्ववत होण्यास काही महिने लागतील, आणि मलम सोडण्याचे पहिले आठवडे कठीण जातील, असे त्यांनी सांगितले. निघताना त्याने आम्हांस विचारले, "तोपर्यंत कॉलेजला जाऊ का?" वडील काही बोलण्यापूर्वीच आम्ही म्हटले, "अवश्य जा. आणि वही पुन्हा मागावीशी वाटली, तर रुमाल सोडून माग." वडिलांनी यावर मान हलविली, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते त्यास घेऊन गेले. दुकानदाराविरुद्धचा अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी सही करून पाठविला आहे.