झाकण बसवायच्या आधी

गणपती महिन्यावर आले की बहादरपूर-बुऱ्हाणपूरकडचे साउंडवाले आणि भजनी मंडळवाले आपापले रॅक बाहेर काढतात. वर्षभर गोणपाटाखाली पडलेला क्रॉसओव्हर नाहीतर इक्वलायझर लावून बघतात, दिवा लागत नाही, आणि ठरलेलं वाक्य कानावर येतं : "ट्रान्सफॉर्मर गेला भो, दुसरा टाकून दे."

टाकून देऊ नका, बघून टाका. एवढंच सांगायला बसलो आहे.

ट्रान्सफॉर्मर ही गरीब वस्तू आहे. पत्र्याच्या पट्ट्या आणि तांब्याची तार, तिच्यात आपणहून बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या पापाने जळतो. पुढचा ब्रिज शॉर्ट होतो, फिल्टरचा कपॅसिटर बसतो, आणि कोणीतरी आधीच फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली असते. मग उडायला फ्यूज नाही म्हटल्यावर वायंडिंग उडतं. अशा पेटीत नवा ट्रान्सफॉर्मर घातलात तर तोही त्याच वाटेने जाणार.

म्हणून सिरीज बोर्ड काढा, म्हणजे लाइनच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड. बल्ब तारेचा, पिवळा, 60 वॅटचा. एलईडी इथे चालत नाही. जुने बल्ब आता सहज मिळत नाहीत, दिसले की दोन घेऊन ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या तारा सोडवा आणि नुसता प्रायमरीला सिरीजमधून करंट द्या. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, दोष पुढे शोधा. भक्कन पेटून तसाच राहिला तर आतले वेढे शॉर्ट आहेत. काहीच झालं नाही, सेकंडरीवरही काही येत नाही, तर प्रायमरी ओपन आहे. पण ओपन म्हणजे मेला असं नाही. बऱ्याच लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये टेपच्या पहिल्या थराखाली एक थर्मल फ्यूज दडवलेला असतो, ठरावीक तापमानाला एकदाच तुटणारा. तो त्याच अंशाचा नवा लावा, तार जोडून बायपास करू नका. आणि डाग देताना त्याचा पाय पक्कडीत धरा, नाहीतर सोल्डरिंगच्या गरमीनेच नवा फ्यूज तुटेल.

आता ट्रान्सफॉर्मर खरंच गेला असं धरू. नवा घालायचा तर आधी पेटीची उंची बघा : रॅकचा एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. त्यातून पत्र्याची जाडी आणि फटी वजा केल्या की आत जेमतेम चाळीस उरतात. बाजारातला नेहमीचा उभा ट्रान्सफॉर्मर त्यात मावत नाही. मावलाच तर त्याचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या प्रीॲम्पमध्ये घुसून घूंऽऽ सुरू करतं. म्हणून या चपट्या पेट्यांत कंपन्या गोल, म्हणजे टोरॉइड वापरतात, नाहीतर बोर्डावर बसणारा चपटा सीलबंद. चपट्याचा आकार जुळला म्हणून पाय जुळतीलच असं नाही. मीटरने प्रायमरी कोणती, सेकंडरी कोणती हे ओळखल्याशिवाय डाग देऊ नका.

टोरॉइडची एक गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे. एका मंडळाचा क्रॉसओव्हर होता. गोल ट्रान्सफॉर्मर मधल्या बोल्टने तळाला कसला, झाकण उघडं ठेवून दोन तास चालवला, ठणठणीत. संध्याकाळी झाकण बसवलं, स्क्रू आवळले, शेवटची खात्री म्हणून सिरीजवर लावला, आणि बल्ब भक्कन पेटला. झाकण काढलं, विझला. बसवलं, पेटला. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं : बोल्टचं टोक झाकणाला आतून टेकत होतं. बोल्ट, झाकण, बाजूचा पत्रा आणि तळ मिळून कोअरभोवती लोखंडाचा एक पुरा वेढा तयार झाला होता. एका वेढ्याला व्होल्टेज अगदी किरकोळ मिळतं, पण या वेढ्याला रेझिस्टन्सच नाही, म्हणून करंट बेफाम. थेट लावला असता तर मंडळाच्या पोरांसमोर धूर निघाला असता. तेव्हापासून मी उंची ट्रान्सफॉर्मरची नाही, बोल्टच्या टोकापर्यंतची मोजतो, आणि झाकणाला त्या जागी आतून फायबरचा कागद चिकटवतो. कागदावर विसंबायचं नाही, बोल्ट आखूडच हवा.

व्होल्टेजचा हिशेब आपल्याकडचा वेगळा करावा लागतो. पुस्तकात 230 असतात. दिवसा गावातले यंत्रमाग धडधडत असताना लाइन पडते, रात्री बंद झाले की चढते. समजा आत 7815 आणि 7915 रेग्युलेटर आहेत आणि तुम्ही 15-0-15 चा ट्रान्सफॉर्मर घातलात. 230 वर ब्रिजनंतर सुमारे 20 व्होल्ट मिळतात, काम चालतं. लाइन 180 वर आली की तेच 15 च्या आसपास येतात. रेग्युलेटरला निदान 17 हवेत, ते नसले की स्पीकरमधून 100 हर्ट्झचा घुमारा येतो आणि लोक माइकवाल्याला शिव्या देतात. 18-0-18 घातला तर 180 लाही 18 च्या वर राहतात आणि चढत्या लाइनला 28-30 पर्यंत जातात. रेग्युलेटर 35 पर्यंत सहन करतो, पण फिल्टरचे कपॅसिटर 25 व्होल्टचे असले तर 35 चे, जमलं तर 50 चे करा, आणि रेग्युलेटरची पत्ती गरम होते का ते हात लावून नको, अर्धा तास चालवून मीटरने बघा.

अमेरिकेतून भाच्याने आणलेलं युनिट असेल तर आणखी एक भानगड. ते 120 व्होल्टचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते 60 हर्ट्झचं आहे, हे विसरतात. स्टेपडाउन व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या 50 वर त्याच कोअरला एक पंचमांश जास्त फ्लक्स वाहावा लागतो, तो तापतो, गुरगुरतो. मागे 115/230 चं बटण असलं तरी चिठ्ठीवर 50 लिहिलंय का, ते वाचा.

मापाचा मिळालाच नाही तर पेटीत कोंबू नका. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या लोखंडी डब्यात ठेवा, फ्यूज तिथेच, अर्थिंग डब्यालाही आणि रॅकलाही, आणि सेकंडरी जाड केबलने आत आणा. फक्त माइकचा एक्सएलआर त्याला वापरू नका. लग्नाच्या धांदलीत कोणीतरी त्यात माइक खुपसणारच.

आपल्याकडे मागाच्या मोटारी वाइंड करणारे हात आहेत, त्यांच्याकडून जुनाच कोअर भरून घेता येतो. वेढे उलगडताना मोजायला सांगा आणि तारेचा गेज लिहून घ्या. प्रायमरी-सेकंडरीतला इन्शुलेशनचा कागद मात्र नवाच हवा, त्यावर पैसे वाचवू नका.

हे सगळं वाचूनही ज्याला मीटर धरता येत नाही त्याने पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि ज्याला येतं त्याने झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहावं : तारीख, 18-0-18, किती व्हीए, फ्यूज किती अँपिअरचा आणि स्लो-ब्लो. पुढच्या वर्षी कोणाच्याही हातात गेली तरी तार गुंडाळायची वेळ त्याच्यावर येऊ नये.