दिवा लागला म्हणजे फोन लागला, असं नव्हे!

मैत्रिणींनो, घरात डोहाळजेवण असलं की आदल्या दिवशी आपण भाड्यानं आणलेली मोठी शेगडी नुसती डोळ्यांनी बघून ठेवतो का? नाही. पेटवून बघतो, सिलिंडर हलवून बघतो, मोठं पातेलं तिच्यावर नीट बसतं की नाही तेही बघतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग घरातल्या फोन-इंटरनेटच्या बाबतीतच आपण इतक्या भोळ्या कशा राहतो, असं मला हल्ली वाटू लागलंय. त्याला कारणही तसंच घडलं.

माझे वडील, अण्णा, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटेच राहतात. वय शहात्तर. आई गेल्यापासून दादाला परदेशात त्यांची काळजी. म्हणून परवाच्या दिवाळीत तो आला तेव्हा त्यानं घरात फायबरचं इंटरनेट घेतलं, त्यावरच घरचा फोन जोडला आणि पुढच्या खोलीत कॅमेरा बसवला. भर दुपारी, लाईट असताना, त्यानं स्वतःच फोन लावून दाखवला. पेटीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. आम्ही खूश!

गेल्या जुलैत एका रात्री वादळी पाऊस झाला आणि साडेनऊला लाईट गेली. अंधारात मोरीकडे जाताना अण्णा घसरले. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला. सरकत सरकत ते फोनपाशी पोचले, तर फोन मुका. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला, तिथवर जाणं जमेना. पहाटे साडेपाचला दूधवाला येईपर्यंत ते भिंतीला टेकून बसून होते. दादाच्या मोबाइलवर 'कॅमेरा ऑफलाइन' असं आलंही होतं. पण एक दिवसाआड येणाऱ्या त्या सूचनेकडे तो तरी किती लक्ष देणार?

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं कंपनीला फोन केला. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या बाजूनं सगळं चालू होतं." राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता हो! पूर्वीच्या फोनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातली पेटी आपल्या विजेवर चालते. लाईट गेली की पेटी बंद आणि तिच्याबरोबर फोनही. हे आम्हां शिकल्यासवरल्या माणसांना त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं.

माझे धाकटे दीर पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. त्यांच्याकडे एखादी सेवा लोकांसाठी खुली करण्याआधी ती खरोखर तयार आहे का, हे तपासण्याचं कामच असतं. भावजी म्हणाले, "वहिनी, आम्ही यंत्राला दोन वेगळे प्रश्न विचारतो. जिवंत आहेस का? आणि, काम घ्यायला तयार आहेस का?" मला चटकन कुकर आठवला. गॅसवर चढलेला कुकर म्हणजे जिवंत. पण शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत पानं मांडायची नसतात! तयारी तपासायची तीसुद्धा ग्राहकाच्या जागी बसून, आणि जेवढी माणसं येणार तेवढी धरून. 28 एप्रिल 2021 आठवतोय ना? अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांची लशीसाठी कोविनवर नोंदणी दुपारी चारला उघडली आणि एकदम इतकी झुंबड उडाली की सुरुवातीला कित्येकांना पान उघडेना, कुणाला ओटीपी येईना. चार पाहुण्यांची शेगडी चाळीस पानांना पुरत नाही, तसंच ते.

मग आम्ही अण्णांकडे तालीम घेतली. पेट्यांसाठी बॅटरीवर चालणारा छोटा यूपीएस आणला. पेटीवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघूनच तो घ्यावा. आमच्या पेट्या 12 व्होल्टच्या निघाल्या. अंधार पडल्यावर मेन स्विच बंद केला आणि अण्णांना म्हटलं, "आता मला फोन लावा." पेटीचे दिवे लागलेले, पण फोन परत मुका! कारण तो बिनवायरचा. त्याची बैठक वेगळ्या प्लगवर. त्याच्या जागी जुन्या पद्धतीचा वायरवाला फोन पेटीला जोडला आणि तो खाली बसूनही हाताशी येईल असा ठेवला. कॅमेऱ्याचंही तेच, त्याची पिनसुद्धा यूपीएसवर आणावी लागली. मग उमगलं की अण्णांना माझा नंबर पाठच नाही, तो मोबाइलमध्ये! आता भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलाय, बॅटरीच्या उजेडात चष्म्याशिवाय दिसेल इतका. खाली 112 आणि 108 हेही आहेत. एक मात्र सांगते, तालमीसाठी हे दोन नंबर फिरवू नका बरं का. तिकडे कुणाची तरी खरीच वेळ आलेली असते.

आणखी एक. लाईट परत आल्यावर पेटीचा दिवा लगेच लागतो, पण इंटरनेट यायला थोडा वेळ जातो. लगेच बंद-चालू करत बसू नये. आमच्या पेटीवर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा आहे. तो लागून राहिला तर धाग्यातून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे दोष बहुधा बाहेरचा. तेवढं सांगितलं की तक्रार नोंदवणाराही फाटे फोडत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आता ही तालीम होते. अण्णा कुरकुरतात, "शाळेत परीक्षा घेऊन पोट भरत नाही वाटतं तुझं!" पण गेल्या महिन्यात त्यांनीच माझी परीक्षा घेतली. मला न सांगता, मधल्याच एका बुधवारी, त्यांनी मेन स्विच पाडून मला फोन केला. त्यांचा फोन उत्तम लागला. मी आठवीच्या वर्गावर होते आणि माझा मोबाइल पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला.

भिंतीवर आता माझ्या नंबराखाली शेजारच्या काकूंचा नंबर आलाय. या रविवारी त्यांच्याकडेही फोन वाजतो का ते बघायचंय.