दानाचा कागद
पेडणे-डिचोलीत जत्रोत्सवाची, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सहसा रोखच हातावर पडते. देवस्थान जुने, महाजन प्रतिष्ठित. पण तेवढ्याने करवजावट मिळत नाही. संस्थेची प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०जीखाली नोंदणी लागते, २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, तांदूळ-नारळ तर हिशेबातच धरत नाहीत. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसती पावतीही पुरत नाही. संस्थेने दिलेले ‘१०बीई’ प्रमाणपत्र, त्यावर आपला अचूक पॅन, हे हवेच. या हाताचे दान त्या हाताला कळू नये, असे कुणी म्हणेल. गुप्तदान जरूर करावे. मात्र सवलत मागितली की तिचा भार इतर करदाते उचलतात आणि पुरावा मागणे हा त्यांचा हक्क ठरतो. नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच, तेव्हा विवरणपत्र भरण्याआधी आपली प्रणाली तपासा.