न विचारलेला प्रश्न आणि डॉक्टरांचा अभ्यास

एमबीबीएसची पदवी हाती आल्यावर डॉक्टरांचा अभ्यास संपतो का, असे अनेकांना वाटते. तो संपत नाही आणि संपताही कामा नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार प्रत्येक डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान ३० तास वैद्यकीय शिक्षणाच्या सभा-चर्चासत्रांना द्यावेत, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अशा शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात.

या सभांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि साथीचे ताप हे विषय पुनःपुन्हा येतात, कारण त्यांचे रुग्ण दवाखान्यात रोज समोर बसतात. पुरुषांच्या मूत्रमार्गाचे व लैंगिक आरोग्याचे विषय मात्र क्वचितच वाट्याला येतात. याचे कारण साधे आहे. डॉक्टर पुष्कळदा वाचतो तो रुग्णाने विचारलेल्या प्रश्नामुळे. ज्या विषयावर कोणी तोंडच उघडत नाही, त्या विषयातील आमचे ज्ञान विद्यार्थिदशेत होते तेथेच थांबण्याचा धोका असतो. गेल्या तीसेक वर्षांत या क्षेत्रात झालेले बदल असे आहेत, की ते डॉक्टरांना ठाऊक नसले किंवा रुग्णाने त्यांना पूर्ण माहिती दिली नाही, तर जिवावर बेतू शकते. म्हणून हा लेख पुरुषांनी वाचावाच, आणि घरातील स्त्रियांनीही अवश्य वाचावा.

आपल्याकडे या मौनाची जागा फार काळ भिंतींवरच्या जाहिरातींनी भरून काढली. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ‘गुप्तरोग’ आणि ‘धातुदौर्बल्य’ हे शब्द रेल्वेरुळांच्या कडेला वाचतच आपल्या पिढ्या वाढल्या. वीर्य गेले म्हणजे शक्ती गेली, या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. झोपेत वीर्यस्खलन होणे हा रोग नव्हे, हे त्या तरुणाला कोणी शांतपणे समजावले तर त्याचा निम्मा आजार तेथेच ओसरतो. मराठीत हे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून आरंभिले होते. आज जवळजवळ शंभर वर्षे लोटली, तरी दवाखान्यातले मौन पुरते सुटलेले नाही.

आता मुख्य बदलांकडे वळू.

पहिला बदल आहे ताठरतेच्या तक्रारीविषयी. पूर्वी तिला ‘नपुंसकत्व’ म्हटले जाई आणि तिचे मूळ बहुतांशी मनात आहे, असे मानले जाई. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञसभेने हा अवमानकारक शब्द टाकून ‘ताठरतेतील बिघाड’ अशा अर्थाची संज्ञा वापरण्याची शिफारस केली. हा केवळ शब्दांचा बदल नव्हता. ताठरता ही मुळात रक्तप्रवाहाची घटना आहे. मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सूक्ष्म प्रमाणात स्रवतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैलावतात आणि शिश्नात रक्त भरते. रक्ताभिसरणातील या वायूचे संदेशवाहक कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून पुढचा महत्त्वाचा धागा हाती आला. शिश्नाच्या धमन्यांचा व्यास साधारण एक ते दोन मिलिमीटर, तर हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचा तीन ते चार मिलिमीटर असतो. मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हे सर्व रक्तवाहिन्यांचे अस्तर एकाच वेळी खराब करीत असतात, पण अडचण आधी जाणवते ती बारीक वाहिनीत. म्हणून ज्या पुरुषात पुढे हृदयविकार प्रकट होतो, त्याच्यात ताठरतेची तक्रार बऱ्याचदा दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली आढळते. हृदयतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांच्या ‘प्रिन्स्टन सहमती’च्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने तर असे सांगितले, की शारीरिक कारणाने ही तक्रार उद्भवलेल्या पुरुषाला हृदयविकाराचा धोका आहे असेच धरून चालावे, मग त्याच्या छातीत दुखत नसले तरीही.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाने ही तक्रार सांगितली तर डॉक्टरांनी गोळी लिहून त्याला वाटेला लावू नये. त्याचा रक्तदाब मोजावा, कमरेचा घेर पाहावा, उपाशीपोटीची साखर व चरबीचे प्रमाण तपासावे, तंबाखूविषयी विचारावे आणि गरजेप्रमाणे हृदयाची तपासणी करावी. कित्येकांचा मधुमेह या वाटेनेच प्रथम उघडकीस येतो. अर्थात प्रत्येक तक्रार रक्तवाहिन्यांची नसते. ती अचानक सुरू झाली, विशिष्ट प्रसंगीच जाणवते आणि पहाटेची नैसर्गिक ताठरता मात्र टिकून आहे, असे असेल तर ताण, नैराश्य किंवा दांपत्यातील दुरावा ही कारणे अधिक संभवतात. हळूहळू वाढत गेलेली आणि पहाटेही जाणवणारी तक्रार शरीराकडे बोट दाखविते. रक्तदाबाची आणि नैराश्यावरची काही औषधेही याला कारण होतात. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावीत.

दुसरा बदल गोळीचा. सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयशूळासाठी तपासले जात होते. त्याचा दुसराच परिणाम ध्यानात आल्यावर १९९८ मध्ये ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. योग्य व्यक्तीला, योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षित आहे. पण एक धोका प्रत्येक घराला ठाऊक हवा. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची ‘सॉर्बिट्रेट’सारखी नायट्रेट गटातील गोळी आणि हे औषध एकत्र आले, तर रक्तदाब एकाएकी इतका खाली जाऊ शकतो की प्राण धोक्यात येतात. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान २४ तास आणि त्याच गटातील टाडालाफिल घेतल्यानंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही.

मध्यरात्री छातीत दुखू लागलेल्या पुरुषाला रुग्णालयात नेले जाते, तेव्हा भोवती पत्नी, मुलगा, सून, शेजारी असे सारे उभे असतात. अशा वेळी डॉक्टरांनी इतरांना बाजूला करून “गेल्या दोन दिवसांत शक्तीची कोणती गोळी किंवा चूर्ण घेतले का?” असे स्पष्ट विचारणे हा आजच्या शिस्तीचा भाग आहे. रुग्णाने त्याचे खरे उत्तर देणे हा उपचाराचा भाग आहे. डॉक्टर छातीदुखीवर इतर औषधे देऊ शकतात, मात्र त्यासाठी त्यांना आधी कळले पाहिजे. ‘चूर्ण’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला. ‘संपूर्ण वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक उत्पादनांत सिल्डेनाफिल छुपेपणाने मिसळल्याचे निरनिराळ्या देशांतील औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. म्हणजे ज्याला हृदयविकारासाठी नायट्रेट चालू आहे आणि म्हणूनच डॉक्टरांनी ही गोळी नाकारली आहे, तो निरुपद्रवी समजून घेतलेल्या पुडीतून तेच औषध घेत असू शकतो.

तिसरा बदल प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा. वयाबरोबर ही ग्रंथी वाढते. रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे ही तिची लक्षणे होत. एके काळी याला शस्त्रक्रिया हेच प्रमुख उत्तर होते. आज अनेकांचे भागते ते टॅम्सुलोसिन व फिनास्टेराइडसारख्या गोळ्यांवर. मात्र या गोळ्यांच्या दोन गोष्टी कुटुंबाने लक्षात ठेवाव्यात.

टॅम्सुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्यातील बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सैल पडून अडथळा आणतो, हे २००५ मध्ये प्रथम वर्णिले गेले. गोळी काही दिवस आधी थांबविली तरी हा परिणाम पूर्णपणे जात नाही. नेत्रतज्ज्ञाला आधी कळले तर तो त्या तयारीनेच शस्त्रक्रिया करतो. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असे समजून आजोबा ती सांगत नाहीत. घरच्यांनी ती आवर्जून सांगावी. दुसरी गोष्ट फिनास्टेराइडची. ही गोळी रक्तातील पीएसएचे प्रमाण सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्म्यावर आणते. त्यामुळे अहवालात सामान्य दिसणारा आकडा प्रत्यक्षात सामान्य नसू शकतो. केस गळू नयेत म्हणून हीच गोळी कमी मात्रेत घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

पीएसए तपासणीचे मतही दोनदा फिरले. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शोधासाठी ती सरसकट करू नये, असे अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयीच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये सांगितले. २०१८ मध्ये त्याच गटाने शिफारस बदलून असे म्हटले, की ५५ ते ६९ या वयात फायदे-तोटे समजावून घेऊन प्रत्येकाने डॉक्टरांशी चर्चा करून ठरवावे. सत्तरीनंतर मात्र सरसकट तपासणी नको. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि साधी ग्रंथिवाढ यांनीही हा आकडा वाढतो. म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’च्या कागदावर तो वाढलेला पाहून घाबरू नये, आणि तो कागद कपाटात ठेवून विसरूही नये.

चौथा बदल तरुणांशी निगडित आहे. शरीरसौष्ठवासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेण्याचे प्रकार जिममध्ये वाढत आहेत. बाहेरून मिळालेल्या या संप्रेरकामुळे मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश बंद पडतो आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्ण थांबते. पुरुषत्व वाढावे म्हणून घेतलेले औषध पितृत्वाच्या आड येते. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा इतर कारणांच्या जोडीने आढळते. तरीही अनेक घरांत सुनेच्या तपासण्या वर्षभर चालतात आणि मुलाची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते. ती साधी आणि स्वस्त आहे, आरंभीच करावी.

काही लक्षणांत मात्र वेळ दवडू नये. वेदना नसतानाही लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी तपासणी हवी. लघवी पूर्ण तुंबली तर लगेच रुग्णालय गाठावे. सर्दीच्या काही गोळ्यांमुळेही वाढलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी तुंबते, म्हणून त्या विचारूनच घ्याव्यात. ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर ती आणीबाणी समजावी. आणि कुमारवयीन मुलाच्या अंडकोषात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. लाजेने रात्रभर गप्प राहिलेला मुलगा ते गमावून बसू शकतो. आपल्या मुलाला हे आईवडिलांपैकी कोणाला तरी सांगता यावे, इतका मोकळेपणा घरात असलाच पाहिजे.

पुढच्या भेटीला जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. तीत चूर्णे, केसांच्या गोळ्या आणि जिममधील पूरके हेही असावे. सर्वांसमोर बोलणे जड जात असेल तर “डॉक्टर, दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे,” एवढे वाक्य पुरते. पत्नीला काही ध्यानात आले असेल तर तिनेही ते सांगावे, आणि डॉक्टरांनी ते गोपनीय ठेवावे.

डॉक्टर आपल्या प्रश्नाला “वय झाले, चालायचेच” एवढेच उत्तर देत असतील, तर साखर, रक्तदाब आणि हृदय तपासायला हवे का, असे आपणच विचारावे. त्यांना तत्काळ उत्तर देता आले नाही आणि ते “वाचून सांगतो” म्हणाले, तर ते कमीपणाचे समजू नये. तीस तासांच्या सभांतून जे कळत नाही, ते अशा एका प्रश्नामुळे वाचले जाते, आणि त्याचा उपयोग त्याच संकोचाने बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या रुग्णालाही होतो.