शाळा म्हणजे धर्माची गाय नव्हे



धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. कंपनीने शाळेला बाके दिली, संगणक दिले, संडास बांधून दिले, तर कोणता पालक नको म्हणेल? ज्या शाळेचे छप्पर पावसाळ्यात गळते, तिने मदतीचा हात झिडकारण्याचे कारण नाही. परंतु मदत वेगळी आणि मालकी वेगळी. हे अंतर मोजण्याची पाळी आता पालकांवर आली आहे.

18 सप्टेंबर 2023 रोजी महाराष्ट्र शासनाने 'दत्तक शाळा योजने'चा निर्णय काढला. कंपन्या, संस्था आणि दानशूर व्यक्तींनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, अशी ती योजना. अ आणि ब वर्ग महापालिकांतील शाळेसाठी पाच वर्षांना 2 कोटी आणि दहा वर्षांना 3 कोटी रुपये. ग्रामीण भागात 50 लाख आणि 1 कोटी. देणगीदाराची इच्छा असेल तर त्याने सुचवलेले नाव शाळेला देण्याचीही त्यात सोय होती.

मी कारकून माणूस. आकडा दिसला की भागाकार करून पाहतो. 2 कोटी भागिले पाच, म्हणजे वर्षाला 40 लाख. 3 कोटी भागिले दहा, म्हणजे वर्षाला 30 लाख. मुदत जितकी लांब, तितकी पाटी स्वस्त! आणखी एक गोष्ट. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. शाळेवरचा खर्च त्यातच बसतो. जो पैसा कायद्यानेच बाजूला काढायचा, त्याला दानधर्म म्हणायचे आणि वर पाटीही लावायची, हा जमाखर्च माझ्या डोक्यात बसत नाही.

ज्या महिन्यात ही योजना आली, त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांची 'समूह शाळा' करण्याचा विचार शासनात चालू होता. लहान शाळा बंद झाली की काय होते, ते नाशिककरांनी पाहिले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले, शाळा बंद केली म्हणून, जिल्हा परिषदेवर चालत आली. आमची दप्तरे घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. भाम धरणात गाव गेलेल्या कुटुंबांची ही लेकरे. अशा वस्तीवर पाटी लावायला कोणती कंपनी येणार? देणगीदार आपल्या सोयीची शाळा निवडतो. सरकारला मात्र निवड करता येत नाही. सहा ते चौदा वयाचे प्रत्येक मूल ही त्याची जबाबदारी आहे.

हा वारा जगभर वाहतो आहे. आफ्रिकेतील लायबेरिया या गरीब देशाने 2016 साली 93 सरकारी शाळा चालवायला खासगी संस्थांकडे दिल्या. त्यांतल्या ब्रिज नावाच्या कंपनीमागे जगातल्या बड्या धनिकांचा पैसा होता. एका वर्षाने तपासणी झाली, तेव्हा मुलांचे वाचन-गणित सुधारलेले दिसले. पण खर्च फार आला, आणि ब्रिजकडे गेलेल्या शाळांतून जास्तीची मुले व जुने शिक्षक बाहेर पडले होते. बाहेर गेलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न निकालपत्रात मावत नाही.

संस्था सगळ्याच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने 2005 पासून 'असर' पाहणी करून खेड्यातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तकही वाचता येत नाही, हे देशासमोर मांडले. ते सत्य सांगायलाच हवे होते. बाबासाहेबही 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तिथे दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट होती. पण ती करारात लिहिलेली होती.

त्याच बाबासाहेबांनी 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सरकारचा हिशेब मांडला. शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च होतात आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल होतात. जनतेकडून अबकारीत जेवढे घेता, तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. शिक्षण हे देवाणघेवाणीचे खाते नव्हे, हेही त्यांनी बजावले. 2023 साली आपल्याच जिल्ह्यातील एक शाळा मद्य बनवणाऱ्या कंपनीला दत्तक दिल्याची टीका शरद पवारांनी जाहीरपणे केली, तेव्हा हे भाषण आठवल्याशिवाय राहिले नाही.

आता आपण काय करायचे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. तेव्हा सभेची नोटीस आली की खाडा झाला तरी जा. आईला आवर्जून पाठवा. शाळेला देणगी येणार असेल तर चार प्रश्न विचारा. करार कुठे आहे? मुदत किती? शिक्षक कोण नेमणार? देणगीदार गेल्यावर खर्च कोण करणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

मदतीबद्दल आभार जरूर मानावेत. पण शाळा आपल्या मुलांना कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. ती त्यांच्या हक्काची आहे. म्हणून तिचे दात मोजलेच पाहिजेत.