घाऊक पक्षांतराची मुभा

गोव्यात कोणती जागा कोणाची, हे मतमोजणीच्या दिवशी ठरते ही समजूत आता सोडून दिलेली बरी. २०१७ साली ४० पैकी काँग्रेसला १७ व भाजपला १३ जागा मिळाल्या. इतरांना हाताशी धरून सरकार भाजपने बनविले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ आमदारांपैकी १० भाजपवासी झाले. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, क्रूस व दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घालविल्या. निवडून आले ११. सप्टेंबरात त्यांतील ८ गेले.

१५ पैकी १० आणि ११ पैकी ८! पक्षांतरबंदी कायद्यातील विलीनीकरणाच्या कलमाला दोन तृतीयांश आमदार लागतात. दोन्ही वेळा नेमके तेवढेच फुटले, एकही अधिक नाही. एकटा फुटला तर आमदारकी जाते, टोळी फुटली तर टिकते. किरकोळीला बंदी, घाऊकीला मुभा, हा मधु लिमये यांचा आक्षेप जुनाच आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशांच्या फुटीची सवलत काढली. त्यामुळे सौद्याचे किमान माप तेवढे वाढले.

यात मतदाराला दोष देणारे पुरोगामी विद्वान उफराटा न्याय करतात. मतदाराने आपले काम केले होते. विलीनीकरणाचे कलमच रद्द झाले पाहिजे. पक्ष सोडणारा एक असो वा आठ, त्याने जागा रिकामी करून त्याच मतदारांपुढे पुन्हा उभे राहावे. काँग्रेसच्या आसवांनी मात्र कार्यकर्त्यांनी विरघळू नये. २०१९ सालीच राजस्थानात बसपचे सहाही आमदार तिने याच कलमाच्या आडोशाने पदरात पाडून घेतले होते.