उद्यानातील शिल्प आणि मनावरील ओझे

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी समारंभपूर्वक अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेसुद्धा तो टिकला नाही. सत्ताधाऱ्यांनी वाऱ्याकडे बोट दाखविले, विरोधकांनी कंत्राटाकडे. २०२५ मध्ये त्याच जागी पहिल्याहून उंच पुतळा उभा राहिला आणि प्रकरण मिटले असे मानण्यात आले. सार्वजनिक शिल्प कोणासाठी असते, त्याने पाहणाऱ्याच्या मनात काय जागे करावे, हा मूळ प्रश्न मात्र या गदारोळात कोणीच उपस्थित केला नाही. शिल्पाचे मोल उंचीच्या फुटांत आणि खर्चाच्या कोटींत मोजण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली आहे, आणि दुर्दैवाने ती जनतेच्याही अंगवळणी पडत आहे.

हा प्रश्न वाशीमसारख्या जिल्ह्यात अधिक निकडीचा ठरतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला. याच शाखेतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' या नावाने ओळखले जाणारे चित्र वस्तुतः नंदाच्या संसारत्यागाची वार्ता ऐकून खचलेल्या त्याच्या पत्नीचे आहे. तिची मान कलली आहे, भोवतालच्या सख्या तिला सावरीत आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी या भूमीच्या राज्यकर्त्यांच्या आश्रयाखाली कलावंताला माणसाच्या खचलेल्या मनाचे चित्रण करावेसे वाटले. त्या दुःखिताला एकटे न सोडणारी माणसेही त्याने चितारली, हे विशेष.

आज त्याच वाशीमची सरकारी ओळख काय आहे? केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'आकांक्षित', म्हणजे सरळ मराठीत मागास, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यांत वाशीम होता. शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांचे ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यांतही वाशीम होता. याच जिल्ह्यात पोहरादेवी येथे नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुले झाले. ज्या समाजाला इतिहासाने पानाच्या कडेलाही जागा दिली नाही, त्याच्या स्मृतीला मानाचे स्थान मिळणे सर्वथा योग्य आहे. परंतु त्या समाजाच्या तांड्यावरचा एखादा तरुण कर्जाने आणि निराशेने झोप गमावून बसला, तर त्याने जावे कोठे, याचे उत्तर कोणत्याही भव्य वास्तूत मिळत नाही.

अलीकडे शहरांतून नवी टूम निघाली आहे. उद्यानात ध्यानस्थ चेहऱ्याचे, झाडात विलीन होणारे वा ओंजळीत पक्षी धरलेले शिल्प बसवावे, शेजारी छायाचित्रासाठी चौथरा बांधावा आणि 'मानसिक आरोग्यासाठी निसर्गाकडे चला' असा फलक लावावा. निसर्गाच्या सान्निध्याने मनाला बरे वाटते यात असत्य काही नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवून दिले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. आक्षेप आहे तो या सत्याच्या वापराला. दुःखाचे कारण माणसाच्या मनातच आहे आणि त्याने दृष्टी बदलली की ते नाहीसे होईल, असा उपदेश त्या फलकातून केला जातो. वाशीमचा शेतकरी तर जन्मभर निसर्गातच उभा आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला, आणि ऐन विक्रीच्या दिवसांत बाजारभाव त्याच्या बराच खाली राहिला. या तफावतीचे ओझे ज्याच्या मनावर आहे, त्याला निसर्गाकडे चला म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

कायदा याहून शहाणा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून, त्याच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. व्यवहार मात्र निराळा आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाला मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारापासून वंचित होते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आला. त्यात घरोघर जाऊन खचलेली माणसे शोधण्याचे काम आशा कार्यकर्तीवर सोपविले. तिला वेतन नाही, केवळ मानधन. आणि शेतकरी गेल्यावर शासन प्रथम पाहते तो सातबारा. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, तगादा होता की नव्हता, यावरून मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते.

मग समाजवाद्यांनी शिल्पाला विरोध करावा काय? पुरोगामी गोटातील काही मंडळी तसे म्हणतात: आधी भाकरी, मग दगड. ही भूमिका वरवर जहाल दिसली तरी तिच्यात गरिबांविषयी तुच्छता दडलेली आहे. श्रीमंताला बंगल्याभोवती बाग असते, खिन्न झाला तर तो थंड हवेच्या ठिकाणी जातो. हमालाला, मोलकरणीला, बाजार समितीच्या आवारात रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला सार्वजनिक उद्यानाखेरीज दुसरी बाग नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत उद्यान ही सामाईक वस्तू आहे. एकाने सावली घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. म्हणूनच ती बाजार पुरवीत नाही, ती समाजालाच निर्माण करावी लागते.

शिल्पकलेतही दुसरी परंपरा आहे. पुण्यातील शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडविणाऱ्या नानासाहेब करमरकरांनी सासवणे येथे आपल्या भोवतीची साधी माणसे आणि जनावरेही तितक्याच आस्थेने घडविली. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५९ पासून देवीप्रसाद रायचौधरींचे श्रमिक प्रचंड शिळा रेटीत उभे आहेत. चंडीगढचे रॉक गार्डन नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने मोडक्या बांगड्या आणि फुटक्या कपबश्यांतून निर्माण केले. या कलाकृतींपुढे सामान्य माणसाला मान वर करून ताटकळावे लागत नाही. त्याला त्यांत आपले माणूस भेटते.

तेव्हा वाशीमच्या उद्यानात शिल्प अवश्य असावे. ते तेथील कलावंतांनी आणि कारागिरांनी, लोकांना विचारून, माणसाच्या उंचीचे करावे. खचलेल्या माणसाला सावरणाऱ्या हातांचे असले तर वत्सगुल्मच्या वारशाला ते साजेल. उद्यानाला प्रवेशशुल्क नसावे, सावली आणि पिण्याचे पाणी असावे, रात्री दिवे असावेत, स्त्रियांना निर्धास्त बसता यावे. फलकावर उपदेशाऐवजी मानसोपचार कोठे, कोणत्या वारी आणि विनामूल्य मिळतो ते लिहावे. आणि त्या दिवशी तेथे डॉक्टर खरोखर हजर असावा.

या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकी सभेत जावे आणि जिल्हा नियोजन समितीला निवेदने द्यावीत. सोबत हमीभावाने खरेदीचा आणि आशा कार्यकर्तीच्या वेतनाचा आग्रहही धरावा. हे तीन लढे वेगळे नाहीत. भाव मिळाला नाही तर मन खचते. खचलेल्याला शोधणारी कार्यकर्ती अर्धपोटी असेल तर त्याचा आवाज कोणापर्यंत पोहोचत नाही. आणि चार माणसांत बसण्याची जागाच नसेल तर तो एकटा पडतो.